उद्या मिस्त्री आणि वाफेचं पाणी

आमच्या मिस्त्रीला काहीही विचारलं तरी उत्तर दुसऱ्या दिवशी मिळायचं. गाडीतून कसला आवाज येतोय? "उद्या सकाळी सांगतो." टायर अजून किती दिवस चालेल? "उद्या सकाळी सांगतो." एकदा मामींनी गंमत म्हणून विचारलं, "मिस्त्री, पिठलं कसं झालं होतं?" तर हा गृहस्थ हात धुता धुता थांबला, खरोखर विचारात पडला आणि म्हणाला, "उद्या सांगतो, आक्का." मामी तोंडाला पदर लावून आत पळाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि गंभीरपणे म्हणाला, "पिठल्यात मीठ जरासं कमी व्हतं." गावानं त्याचं नाव उद्या मिस्त्री ठेवलं ते काही उगाच नाही.

तो माझ्यापेक्षा वीस वर्षांनी तरी मोठा होता. तरी मी मालकाच्या घरचा म्हणून त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला 'दादा, तुमी' म्हणायचा. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा मला वाटत नव्हतं. आता लिहिताना त्याला 'अहोजाहो' करून सोंग आणावं, असं मनात आलं होतं. पण ज्या माणसाचं मी वाटोळं केलं त्याला कागदावर मान देऊन काय उपयोग? तेव्हा जसा बोलत होतो तसाच लिहितो.

मामांचं गाव मांजरसुंब्यापासून दोन कोसांवर. काळ निजामाचा. घरची जमीन भरपूर, कापूस चांगला पिकायचा आणि मामांना हौस दांडगी. हैदराबादहून त्यांनी मोटार आणली तेव्हा आसपासच्या दहा गावांत दुसरी मोटार नव्हती. तिच्याबरोबरच हा मिस्त्रीही आला. मूळचा तेलगावचा लोहार. तरुणपणी हैदराबादला एका मोटारीच्या कारखान्यात दहा वर्षं राबून शिकलेला. मामांकडे गाडी चालवायची आणि दुरुस्तही करायची, अशी दोन्ही कामं त्याच्याकडे. मी मामांचा भाचा, त्यांच्या थोरल्या बहिणीचा एकुलता एक मुलगा. बीडच्या शाळेत उर्दू शिकलेलो, इंग्रजीही मोडकंतोडकं वाचता यायचं. वय बावीस-तेवीस, काम म्हणजे मामांचे कागद कचेरीत नेणं-आणणं, आणि तोरा मात्र मीच कचेरी चालवतो असा.

मिस्त्रीची दुसरी सवय म्हणजे गाडीला उलट्या हातानं शिवणं. तापलेल्या पोराच्या कपाळाला बाई जसा हाताचा पाठचा भाग लावून बघते, तसा हा रोज सकाळी गाडीचं झाकण उघडून एकेका भागाला हात लावत जायचा. मी विचारलं तर दुसऱ्या दिवशी म्हणाला, "तळव्याला घट्टे पडलेत, दादा, त्याला काय कळत न्हाई. रातभर कोन जागं व्हतं ते पाठचा हात सांगतो." मी हसलो होतो. गाडीच्या पोटात रात्री कोण जागं राहणार? पण त्याचं म्हणणं साधं होतं. गाडी उभी असली की तिच्यातलं सगळं थंड असायला हवं. सकाळी एखादी वस्तू कोमट लागली, तर ती रात्रभर बॅटरीतली वीज खात बसली आहे असं समजायचं.

बॅटरीबद्दल तो गाईबद्दल बोलावं तसं बोलायचा. आमच्याकडचे गुराखी येऊन त्याच्याभोवती बसायचे, आणि त्यांना तो ती पेटी उघडून दाखवायचा. आत शिशाच्या पट्ट्या, वर तेजाबाचं पाणी. "सकाळी कासंत दूध न्हाई म्हनून गाईला मारायचं न्हाई," तो सांगायचा. "आधी बगायचं, रातचं वासरू सुटून पितंय का. पीत आसंल तर वासरू बांधायचं. कुनीच पीत न्हाई आन तरी कास रिकामी, मंग गाय आजारी. तवा तिला काय खाऊ घातलं ते इचारायचं." गुराखी माना डोलवायचे. मला मात्र या सगळ्याचं हसू यायचं, कारण मी शिकलेला शहाणा.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. तेलगावला त्याची दोन एकर जमीन होती. बांधावरून चुलतभावाशी भांडण झालं, तेव्हा त्या भावानं महादेवाच्या देवळात पिंडीवरचा बेल उचलला आणि बांध आपलाच आहे असं सांगितलं. मिस्त्री तिथल्या तिथे गप्प झाला, आणि जमिनीची ती पट्टी सोडून आला. हे तो मला अगदी सहज सांगत होता, मनात कसलीही अढी नव्हती. मी म्हणालो, "आणि तो खोटं बोलला असेल तर?" मिस्त्रीला माझा प्रश्नच कळला नाही. "बेल हातात घिऊन कोन खोटं बोलंल, दादा?" तो म्हणाला. एवढं एकच उत्तर त्यानं मला उद्यावर न ढकलता दिलं होतं.

आता पाण्याचं. बॅटरीतलं पाणी आटतं, उन्हाळ्यात तर फारच. ते वरचेवर भरावं लागतं, आणि तिथे विहिरीचं पाणी चालत नाही, त्यातले क्षार बॅटरीला आतूनच मारतात. पावसाळ्यात मिस्त्री चिनी मातीच्या बरणीत पावसाचं पाणी धरून ठेवायचा. ते संपलं की बीडच्या एका अत्तरवाल्याकडे जायचा. त्या म्हाताऱ्याकडे गुलाबाचा अर्क काढायची भट्टी होती. फुलं नसली की तो मिस्त्रीसाठी नुसतं पाणी उकळायचा, वाफ नळीतून थंड करून बाटलीत उतरवायचा. मिस्त्री त्याला वाफेचं पाणी म्हणायचा. घरी आणलं की आधी खिशातला काचेचा तुकडा काढायचा, त्यावर एक थेंब टाकून उन्हात ठेवायचा. थेंब वाळल्यावर काच स्वच्छ राहिली तर पाणी चांगलं. पांढरी कडी उमटली तर पाण्यात काहीतरी विरघळलेलं आहे, ते बॅटरीत घालायचं नाही. या परीक्षेसाठीही तो सकाळपर्यंत थांबायचा, ऊन कितीही कडक असलं तरी.

पुढे मामांनी हे पाणी आणायचं काम माझ्याकडे दिलं, कारण महिन्यातून एक फेरी मी बीडला तशीही करत होतो. पहिल्यांदा चार बाटल्या आणल्या, त्या मिस्त्रीनं काचेवर तपासल्या. दुसऱ्यांदा आणल्या तेव्हा खिशाकडे गेलेला त्याचा हात मध्येच थांबला. "तुमी आनलंय म्हनल्यावर काच कशाला?" असं म्हणून त्यानं बाटल्या तशाच फळीवर मांडून ठेवल्या. माझा अपमान होईल असं त्याला वाटलं असावं. मला तेव्हा बरंच वाटलं. आज आठवलं की मान वर होत नाही.

त्या वर्षीचा उन्हाळा वाईट होता. फाल्गुन संपता संपता मी घोड्यावरून बीडला निघालो, आणि वाटेत कपिलधारच्या फाट्याला दोन जुने सोबती भेटले. कपिलधारच्या देवस्थानात कुणाचा तरी नवस होता, जेवणावळ होती. म्हणाले, चल. गेलो. तिथे दरीत गारवा, झाडांची दाट सावली, वरून पडणारी धार, पोटभर जेवण, मग पत्ते. उठेपर्यंत सूर्य कलला. बीडला जाऊन परत यायचं म्हणजे दुसरा दिवस मोडणार. बाटल्या झोळीत रिकाम्या. मी धारेखालच्या कुंडाकडे पाहिलं. पाणी असं की तळाचा खडा दिसावा. लोक कोसाकोसांवरून येऊन हे पाणी तांब्यात भरून नेतात, आजारी माणसाच्या तोंडात घालतात. म्हटलं, देवाच्या धारेचं पाणी एका अत्तरवाल्याच्या वाफेपेक्षा कमी का असेल? चार बाटल्या भरल्या, बुचं लावली आणि घरी आलो. मामांनी विचारलं, "बीडला जाऊन आलास?" मी म्हणालो, "हो." एकदा हो म्हटलं की पुढचं सगळं सोपं असतं. चैत्रात आणि वैशाखातही मी तेच केलं. बीडला गेलोच नाही. पत्ते मात्र दोन्ही वेळा खेळलो.

वैशाखाच्या मध्यावर गाडी रुसायला लागली. आधी चार दिवस उभी राहिली तर बटण दाबून सुरू होईना. मग दोन दिवस. मग रोजच. संध्याकाळी चांगली तासभर फिरवून आणावी, बटण दाबताच गुरगुरावी, आणि सकाळी पाहावं तर दिवा लावला तरी काजव्याएवढा उजेड. हँडल मारूनही उपयोग नव्हता, कारण ठिणगीलाही तीच बॅटरी लागायची. मग बैलजोडी जुंपून गाडी माळापर्यंत ओढायची आणि तिथून उतारावर सोडायची; वेग आला की गाडीबरोबर फिरून वीज करणारा डायनामो ठिणगीपुरती वीज द्यायचा. मामा आत बसलेले, डोक्याला जरीचा रुमाल, आणि पुढे दोन बैल. गावातली माणसं तोंडावर काही बोलत नसत, पण पारावर बसून म्हणत, "मालकानं लई भारी छकडा आनलाय." हे मामांच्या कानावर गेलं.

त्यातच निरोप आला की अव्वल तालुकदारसाहेब, म्हणजे जिल्ह्याचे कलेक्टरच, दौऱ्यावर येणार, मांजरसुंब्याला उतरणार आणि तिथून मामांच्या घरी जेवायला येणार. साहेबांना मोटारीतून आणायचं मामांनी आधीच कळवून टाकलं होतं. दहा दिवस हाती होते. मामांनी मिस्त्रीला अंगणात बोलावलं. "का मरते ही रोज रात्री?"

"उद्या सकाळी सांगतो, मालक."

"तुझं उद्या किती दिवस चालणार?"

मिस्त्रीनं बोटांवर मोजलं आणि म्हणाला, "आठ राती द्या. आठ राती झाल्या की सांगतो. न्हाई सांगितलं तर माझा हिथला शेर संपला म्हना, मी गावाकडं जातो." सगळ्यांच्या देखत बोलला. मामा म्हणाले, "ठीक आहे. आठच."

मग त्यानं जे केलं त्याला मी तेव्हा वेळकाढूपणा म्हणत होतो. पहिल्या संध्याकाळी त्यानं दिव्यांची तार सोडवली, तिच्या टोकाला चिंधी बांधली आणि घरी गेला. सकाळी बॅटरी मेलेली. दिव्यांची तार परत जोडली. दुसऱ्या संध्याकाळी भोंग्याची सोडवली. सकाळी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी डायनामोची पाळी. त्याच्यावर त्याचा खरा संशय होता. गाडी थांबली की डायनामो आणि बॅटरी यांच्यातली कडी आपोआप सुटायला हवी. ती चिकटून बसली तर डायनामो रात्रभर बॅटरी पीत राहतो. पण सकाळी त्यानं पाठचा हात लावला आणि मान हलवली. गार होता. अशी एकेक रात्र एकेका तारेला देत तो पुढे सरकत होता. मी त्याला म्हणालो, "अरे, सगळ्या तारा एकदम सोडून मोकळा हो ना." तो म्हणाला, "येकदम सोडल्या आन बॅटरी वाचली, तर चोर कोन ते कसं कळंल? उगी दहा जनांवर आळ घ्यायचा." दहा जणांवर आळ नको म्हणून आठ रात्री खर्च करणारा माणूस होता तो.

सातव्या संध्याकाळी त्यानं बॅटरीच गाडीतून बाहेर काढली. एकही तार जोडलेली नाही, खाली कोरडी लाकडी फळी, वर गोणपाट. सकाळी आम्ही दोघं शेडमध्ये गेलो. त्यानं एक छोटा दिवा जोडून पाहिला. नुसती लाल रेघ दिसली आणि विझली. मिस्त्रीनं दिवा काढून घेतला आणि बॅटरीपाशी उकिडवा बसला. मग स्वतःशीच म्हणाला, "वासरू न्हाई. गायच आजारी हाय." आणि वळून त्यानं फळीवरची अर्धी उरलेली बाटली उचलली, खिशातून काच काढली, एक थेंब टाकला आणि काच दारातल्या उन्हात ठेवली. पहिल्यांदाच तो उद्याची वाट न बघता तिथेच बसून राहिला. मीही बसलो. थेंब वाळला. काचेवर पांढरी कडी उमटली, खडूनं काढल्यासारखी स्पष्ट.

"दादा, पानी कुठलं?"

आवाजात आरोप नव्हता. वैद्यानं काय खाल्लं होतं असं विचारावं, तसं विचारलं. आणि लगेच पुढे म्हणाला, "अजून दोन दिस हायत. पानी वंगाळ निघालं तर समदं उपसून धुतो, नवं तेजाब भरतो, तेवढ्यापुरती तरी उभी ऱ्हाईल. पन पानी चांगलं आसंल तर मंग मला काय सुधरत न्हाई. तुमी सांगाल तसं."

सगळं त्यानं माझ्या हातात आणून ठेवलं होतं. सात रात्री खपून तो दारापर्यंत आला होता आणि कडी काढायची मी. "कपिलधारचं" एवढा एक शब्द. मी म्हणालो, "अत्तरवाल्याचं."

"तिन्ही बारीला?"

"तिन्ही."

त्यानं काच उचलली आणि मामांकडे गेला. माझं नाव न घेता म्हणाला की पाण्यात खोट दिसते, अत्तरवाल्याच्या भट्टीत काही झालं असेल, एकदा माणूस पाठवून विचारावं. म्हणजे बघा, तिथेही मला सोडूनच बोलला तो. पण बीडला माणूस गेला असता तर तीन महिन्यांत मी तिकडे फिरकलोच नाही, हे म्हाताऱ्यानं पहिल्याच वाक्यात सांगितलं असतं. चोराच्या मनात चांदणं. मीच उसळून म्हणालो, "म्हणजे मी पाण्यात भेसळ केली असं म्हणायचंय का तुला? आठ रात्री संपत आल्या म्हणून माझ्यावर घालतोस?"

मामा तापलेलेच होते. साहेब परवावर आलेले, आणि इथे भाचा एक सांगतोय, मिस्त्री दुसरंच. अंगणात पाच-सहा माणसं जमली. त्यातले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "कशाला वाद? देऊळ समोर हाय. बेल उचला, मोकळे व्हा." मोटारीचा बिघाड देवळात नेऊन सोडवायचा, हे डोकं फक्त आमच्याच मुलखात चालावं. एरवी अशा गोष्टींना हसणारा मी. त्या दिवशी माझं शिक्षण कुठे गेलं होतं कुणास ठाऊक. मागे सरलो असतो तर तिथेच कळलं असतं सगळ्यांना. मी पायऱ्या चढून गेलो, पिंडीवरचं ओलं बेलपान उचललं आणि मोठ्यानं म्हणालो, "हे पाणी मी बीडच्या अत्तरवाल्याकडूनच आणलं आहे."

मला वाटलं होतं, मिस्त्री काच पुढे करील, भांडेल. माझी उत्तरं तयार होती. तो देवळाच्या पायरीशी उभा होता. त्यानं एकदा माझ्या हातातल्या बेलाकडे पाहिलं, एकदा काचेकडे. मग धोतराच्या सोग्यानं ती काच पुसली. "बेल उचलला म्हंजी पानी चांगलं," तो म्हणाला. "मालक, मंग माझी काचच खोटी. खोट माझ्यात हाय, मला सापडली न्हाई." त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. नाइलाजानं नाही, खराखुरा. डोळ्यांनी पाहिलेलं, हातांनी पारखलेलं सगळं त्यानं एका पानासाठी खोटं ठरवलं. तो चिडला असता तर माझ्या जिवाला इतकं लागलं नसतं.

साहेबांना आणायला मामा बैलगाडीतून गेले. गाडी सजवली होती, बैलांना झुली घातल्या होत्या, साहेबांनीही हसून वेळ साजरी केली. पण मामा तो अपमान विसरले नाहीत. दुसऱ्या दिवशी मिस्त्री स्वतःच आला, हत्यारांची पेटी ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "आठ राती झाल्या." मामांनी नुसती मान हलवली. मामी आतून म्हणाल्या, "जेवून तरी जा." तो म्हणाला, "नगं, आक्का." पेटी उचलून तो तेलगावच्या रस्त्याला लागला. मी माडीवर होतो. खाली आलो नाही.

पुढचं तर आणखी लाजिरवाणं आहे. हैदराबादहून नवी बॅटरी आली, नवा ड्रायव्हर आला, आणि पाणी आणायला मी गेलो. या वेळी मात्र सरळ बीडला गेलो. अत्तरवाल्याच्या दुकानात दोन तास बसून, थेंब थेंब उतरताना डोळ्यांनी बघून चार बाटल्या घेऊन आलो. गाडी वर्षभर कुरकुरली नाही. त्यामुळे गावात ठरूनच गेलं की दोष मिस्त्रीचा होता. कुणी म्हणे त्याला येतच नव्हतं, कुणी म्हणे तोच रात्री शिशाच्या पट्ट्या काढून विकत होता. बीडच्या एका मोटारवाल्यानं त्याला कामावर घ्यावं का म्हणून मामांकडे माणूस पाठवून चौकशी केली. मामांनी काय सांगितलं ते मी ऐकलं. मी तिथेच बसलो होतो, मूग गिळून. एरवी चारचौघांत नाकानं कांदे सोलणारा मी.

तुम्ही म्हणाल, नंतर कधी सांगितलं नाहीस? मामा असेपर्यंत नाही. दर वर्षी वाटायचं आता सांगावं, आणि दर वर्षी ते अधिकच अवघड व्हायचं. लहानशी खोटी गोष्ट होती, तिला मीच दूध घालून वाढवली.

मामा गेल्यावर, म्हणजे त्या गोष्टीला दहा-बारा वर्षं होऊन गेल्यावर, कापसाच्या कामानं मी तेलगावला गेलो. काम लवकर आटोपलं. पाय आपोआप लोहारवाड्याकडे वळले असं म्हणणार होतो, पण ते खरं नाही. मी मुद्दाम गेलो. भात्याजवळ मिस्त्री बसला होता. केस पांढरे झालेले, बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव ठोकत होता. मला ओळखलं, उठला, घोंगडी झटकून बसायला दिली. "या दादा. मालक गेल्याचं कळलं व्हतं. देवमानूस." बायकोला हाक मारून चहा ठेवायला सांगितला. मी विचारलं, "मोटारीचं काम करत नाहीस?"

"न्हाई," तो म्हणाला. "तवापासून हात लावला न्हाई. परवा फाट्यावर येक मोटार बंद पडली व्हती, लोक बोलवाया आले. गेलो न्हाई. आपल्या हाताचा आपल्यालाच भरवसा न्हाई, दुसऱ्याची चीज कशाला बिघडवा. लोखंडाचं बरं हाय. तापलं की लाल दिसतं, त्यात चुकायला जागा न्हाई." बोलता बोलता त्यानं घण बाजूला ठेवला. जरा घुटमळला आणि म्हणाला, "येक इचारू का? त्या बॅटरीचं शेवटी काय निघालं व्हतं? लई इचार केला मी. पडल्या पडल्या येकेक तार सोडवून बघायचो मनात. कुठंच घावलं न्हाई."

मग मात्र मला राहवलं नाही. कपिलधार, कुंड, पत्ते, तिन्ही फेऱ्या, सगळं सांगितलं. बेल हातात घेऊन खोटं बोललो तेही. बोलताना मी खाली भात्याकडे बघत होतो. चहा आला आणि तसाच गार झाला. माझं बोलणं संपल्यावर मी मान वर केली. मला वाटलं होतं तो शिव्या देईल, उठून जाईल, निदान रडेल तरी. त्यानं उजवा हात समोर धरला होता आणि त्याच्या पाठच्या बाजूकडे तो बघत बसला होता.

"म्हंजी पानीच व्हतं," तो हळूच म्हणाला.

"पाणीच होतं, मिस्त्री. तुमचं काही चुकलं नव्हतं." अहो मी त्याला पहिल्यांदा तेव्हा म्हटलं.

त्यानं हात खाली घेतला. मग त्यानं विचारलं, "त्या सकाळी मी इचारलं, तवाच खरं सांगितलं असतं, तर मालकानं काय केलं असतं तुमचं?"

मी खरंच विचार केला. निदान आता तरी खोटं बोलायचं नव्हतं. मामा तापट होते, पण मी बहिणीचा एकुलता एक. जेवायला बसताना राग विसरणारा माणूस. मी म्हणालो, "चार शिव्या दिल्या असत्या."

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं.

"चारच?" तो म्हणाला.